गोकुळ शिरगाव ते मंगळवार पेठ पायी यायची वेळ आली, तर पाठीवर काय काय असावं?

उजळाई_वळण (प्रश्न)

ऑफिस कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, घर शहरात मंगळवार पेठेत. अंतर दहा-अकरा किलोमीटर. एरवी स्कूटर, पावसात केएमटीची (शहर वाहतुकीची) बस. पण अचानक बंद पुकारला, महामार्ग तुंबला किंवा २०१९ च्या पुरासारखी पेट्रोलची टंचाई झाली, तर चालत घरी यायची तयारी असावी म्हणून ऑफिसात एक सॅक कायमची भरून ठेवायची आहे. वजन कसंही करून तीन किलोच्या आत हवं. नेटवरच्या याद्यांत तंबू, कुऱ्हाड, पाणी गाळायची नळी असलं सगळं दिसतं, ते अकरा किलोमीटरला कशाला लागेल? माझे प्रश्न असे: रेनकोट घ्यावा की पोंचो (डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट)? पॉवर बँक केवढी? आणि सॅक महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिली, तर आतलं काय काय खराब होतं? रस्ता उजळाईवाडी, शाहू नाका, विद्यापीठ, सायबर चौक, राजारामपुरी असा धरला आहे.

डोंगरवाट_पन्हाळा

ताई, सॅकच्या आधी पायांचं बघा. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालायला येणारी नवखी मंडळी दमून कमी बसतात, पायाला फोड येऊन जास्त बसतात. ऑफिसची चप्पल, बेली किंवा कंपनीचे सेफ्टी शूज यांतल्या कशावरही अकरा किलोमीटर काढू नका. सेफ्टी शूजचा पुढचा भाग लोखंडी, तो वाकत नाही. मग प्रत्येक पावलाला टाच आतून वर सरकते आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला टाचेची कातडी सुटते. गमबूट त्याहून वाईट, वरून पाणी शिरलं की बाहेर पडायला वाटच नाही. कपाटात एक जोड वापरून मऊ झालेले स्पोर्ट शूज ठेवा, नवे कोरे नकोत. पावसाळ्यापुरते मागे पट्टा असलेले सँडल चालतील, पाणी लगेच निथळतं. पण ते घालून एकदा तरी तासभर सलग चालून बघा.

मोजे दोन जोड, सुती नकोत. सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो आणि ओली कातडी घासून लवकर सोलते. सिंथेटिक मोजा पिळला की पुन्हा घालता येतो. कोरडा जोड वाटेतल्या डबक्यांच्या मधेच बदलून वाया घालवू नका. शाहू नाक्यापुढे रस्ता बरा लागला की बदला. सोबत एक इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी (मेडिकलमध्ये मायक्रोपोअर म्हणून मिळते) आणि व्हॅसलिनची छोटी डबी. निघाल्यावर वीस मिनिटांनी थांबून पाय तपासा. जिथं चुरचुरतं तिथं तेव्हाच पट्टी लावा, पण पाय कोरडा करून आणि व्हॅसलिनच्या आधी. तेलकट कातडीवर पट्टी धरत नाही. फोड आलाच तर वरची कातडी सोलायची नाही.

आता वजन. १५ ते १८ लिटरची सॅक ४५० ग्रॅम, छातीवर पट्टा असलेली घ्या. एका खांद्यावरची झोळी नको, तासाभरात मान धरते. रेन जॅकेट ३००, खाणं २००, पॉवर बँक आणि वायर १४०, डोक्याला बांधायची बॅटरी ९०, मोजे १००, औषधं-पट्ट्या १२०, चमकणारं जाकीट १२०, पातळ पंचा ८०, आतली प्लास्टिकची पिशवी ५०, सुटे पैसे आणि कागद २०. ही बेरीज १ किलो ६७० ग्रॅम होते. पाण्याची लिटरची बाटली धरली की २ किलो ७००. बाटली साधी प्लास्टिकची, रिकामी ठेवा आणि निघताना ऑफिसात भरा. स्टीलची बाटली विनाकारण पाव किलो वाढवते. पावसाळ्यात पाऊण लिटर पुरतं, एप्रिल-मे मध्ये दीड लिटर घ्या. वाटेतल्या नळावर विसंबू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, निम्म्या शहराच्या नळाला पाणी नव्हतं.

ओआरएसची एक पुडी असू द्या. २०.५ ग्रॅमची पुडी अख्खी एक लिटर पाण्यात टाकायची. अंदाजानं अर्धी पुडी पेल्यात टाकली की क्षार आणि साखरेचं प्रमाण बिघडतं.

खाण्याला आपल्याकडचा गूळ आणि भाजलेले शेंगदाणे यांच्या तोडीचं काही नाही. १०० ग्रॅमला साधारण पावणेपाचशे कॅलरी, म्हणजे मध्यम वजनाच्या माणसाला ही चाल जवळपास तेवढ्यावर निभते. बाकीचे १०० ग्रॅम राजगिऱ्याची वडी. बिस्किटांचा चुरा होतो.

पेठेतला_सायकलवाला

पायांचं सगळं पटलं. पावसाचं मी सांगतो.

पोंचो नको. गोकुळ शिरगावातून शहराकडे येताना तोंड वायव्येला असतं आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून, म्हणजे पाऊस डाव्या अंगानं तिरका लागतो. पोंचो वाऱ्यानं फुगून तोंडावर येतो, शेजारून ट्रक गेला तर पार उलटतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे खाली बघितलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि रस्त्यात खड्डे तर आहेतच. स्कूटरवरचा जाड रेनकोट पाऊण किलोच्या पुढं जातो आणि चालताना आतून घामानं भिजवतो. टोपी असलेलं पातळ नायलॉनचं जॅकेट घ्या. दुकानातच उलटं करून बघा: शिवणीवरून आतल्या बाजूनं टेप लावलेली हवी. टेप नसेल तर पहिल्या अर्ध्या तासात खांद्यावरून पाणी आत येतं. पावसाळी पँट वगळा. जीन्स मात्र नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते. पॉलिस्टरची ट्रॅक पँट कपाटात ठेवा आणि निघताना बदला.

सॅकवर बाहेरून घालायच्या कव्हरचा फारसा भरवसा धरू नका. पाठीकडून पाणी झिरपून त्याच्या तळाशी साचतं. त्यापेक्षा साखरेच्या पोत्यातली जाड प्लास्टिकची पिशवी आत घाला, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडून रबर बँड. जॅकेट आणि बॅटरी तेवढी बाहेरच्या खणात.

पॉवर बँक ५००० एमएएचची पुरे. प्रत्यक्षात त्यातून तीन-सव्वातीन हजार मिळतात, एका फोनला तेवढं बास. दहा हजारवालीचं वजन जवळपास दुप्पट. भर पावसात वायर जोडू नका, फोनच्या तोंडात पाणी गेलं की चार्जिंग बंद पडतं. आडोशाला थांबा, पुसा, मग जोडा. आणि फोनचा टॉर्च वापरायचा नाही, म्हणून तर वेगळी बॅटरी घ्यायची.

नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून पाचशे रुपये झिपच्या पिशवीत. घरचे दोन नंबर, रक्तगट, ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ बॉलपेननं कागदावर लिहा. शाईपेनचं ओलीत पुसतं.

शिरोली_दुसरीपाळी

हा धागा शिरोली एमआयडीसीतली मंडळीही वाचतील, त्यांनी ही यादी जशीच्या तशी उचलू नये. ताईंच्या वाटेवर पंचगंगा नाही, आमच्या वाटेवर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. अशा वेळी सॅक कितीही चांगली भरलेली असो, चालत जायचं नाही. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटीमीटर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. गढूळ पाण्यात रस्त्याची कड कुठं संपते तेही दिसत नाही.

आमच्यासाठी घरी कधी निघायचं हाच खरा प्रश्न. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. त्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शहरात पाऊस उघडला म्हणून निर्धास्त राहू नका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी वरून पंचगंगेत येतं. गगनबावडा-राधानगरीकडं झोड सुरू असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असतील, तर इथं ऊन पडलेलं असतानाही नदी चढते. पातळी ३९ च्या पुढं गेली आणि चढतच असली, तर साहेबांना सांगून त्याच दिवशी पुलापलीकडं शहरात या. ते जमलं नाही तर शिरोलीकडंच मुक्काम. म्हणून शिरोलीवाल्यांच्या सॅकेत चादर, तीन दिवसांची रोजची औषधं, ब्रश आणि कपड्यांचा एक जोड हवा. खाण्याचं वजन वाढलं तरी चालेल.

ताईंनाही एक सांगतो. राजारामपुरीतून मंगळवार पेठेत येताना जयंती नाला ओलांडावा लागतो. ढगफुटीसारखा पाऊस झाला की तोही फुगतो. नुसत्या पावसानं फुगला असेल तर पाऊस थांबल्यावर तो लवकर उतरतो, तेव्हा राजारामपुरीत ओळखीच्या घरी थांबा. नदीच फुगून पाणी नाल्यात मागं येत असेल तर मात्र तो लवकर उतरेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, आणि तेव्हा दसरा चौक-व्हीनस कॉर्नरकडून वळसा घ्यायचा विचारही नको, पाणी तिथंच आधी येतं.

उजळाई_वळण

राजारामपुरीत मावशी राहते, तिला सांगून ठेवते. ऑफिस सहाला सुटतं, म्हणजे अर्धी वाट अंधारातच. महामार्गाकडेनं चालताना काय पाळायचं?

डोंगरवाट_पन्हाळा

सॅक घेऊन ताशी चार किलोमीटर, पावसात नि अंधारात तीन. म्हणजे पावणेतीन ते पावणेचार तास. जुलैत सूर्य सातच्या पुढं मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. म्हणून बंदची किंवा पाण्याची खबर आली की सहाची वाट न बघता निघा. शाहू नाक्यापर्यंतचा टप्पा उजेडात उरकला पाहिजे, पुढं वस्ती आहे.

महामार्गाच्या मुख्य पट्ट्यावर चढायचंच नाही, सेवा रस्ता धरा. सहापदरीकरणाच्या कामानं तो जागोजागी वळवलेला किंवा उकरलेला असतो, म्हणून सॅकेबरोबर सरळ दांड्याची लांब छत्री घ्या. तिनं पुढचं डबकं चाचपता येतं. छत्रीचं वजन सॅकेत धरू नका, ती हातातच राहते. उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. चमकणारं जाकीट रेन जॅकेटच्या वरून आणि सॅकेचे पट्टे त्याच्यावरून, पण पाठीवरची पट्टी सॅकेनं झाकली जाते. म्हणून सॅकेच्या मागंही तसलीच एक पट्टी शिवून घ्या. डोक्यावरची बॅटरी खाली पायाकडं वळवा, समोरच्या चालकाच्या डोळ्यांत मारली तर त्याला तुम्ही दिसतच नाही. कुत्री मागं लागली तर पळायचं नाही. छत्री पुढं धरून हळूहळू बाजूला सरका.

एकटीनं निघू नका. त्याच बाजूला जाणाऱ्या दोघी-तिघी ऑफिसात असतीलच, त्यांची आधीच यादी करा.

पेठेतला_सायकलवाला

काय खराब होतं, हे राहिलंच होतं. बॅटरीतले सेल आत ठेवून दिले की सहा-आठ महिन्यांत गळतात आणि पत्रे हिरवे पडतात. सेल काढून चिकटपट्टीनं एकत्र बांधून बॅटरीशेजारीच ठेवा आणि अंधारात ते घालायचा एकदा सराव करा. पॉवर बँक अर्ध्याहून थोडी जास्त भरून ठेवा, दर दोन महिन्यांनी पुन्हा भरा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ती कधीच नको, उष्णतेनं फुगते. शेंगदाणे मे महिन्यात खवट होतात, गुळाला पाणी सुटतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत भरा आणि दर सहा आठवड्यांनी बदला. कागदी चिकटपट्टीचा गोंद वर्षभरात सुटतो. नायलॉन जॅकेटची घडी घट्ट दाबून ठेवली तर आतला थर चिकटून सोलतो, ते सैल गुंडाळा. गोळ्यांवरच्या तारखा मेअखेरीस बघा, पावसाळ्याची बाकी तपासणी तेव्हाच होते.