लॉयल्टी बियल्टी काही नसते भो! कॅटरमोल संडरलँडला दहा वर्षं का राहिला?

जळगावचा_गनर
ली कॅटरमोलला "क्लबसाठी रक्त आटवणारा माणूस" म्हणणाऱ्यांचा आता कंटाळा आलाय. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, मिडल्सब्रोचा पोरगा, १७ व्या वर्षी न्यूकॅसलविरुद्ध डेब्यू, मग विगन, आणि २००९ ते २०१९ संडरलँड, सगळे इंग्लंडचे फुटबॉल क्लब. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, टॅकल मारायचा, कार्ड घ्यायचा, परत टॅकल मारायचा. आणि एवढ्यात क्लबचं काय झालं? २०१७ ला सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटचा नंबर, २०१८ ला त्याखालच्या चॅम्पियनशिपमध्येही शेवटचा नंबर, म्हणजे डायरेक्ट तिसऱ्या डिव्हिजनला. २०१० ला कॅप्टन केलं तर सीझनच्या पहिल्याच मॅचला रेड खाल्लं साहेबांनी. लांबलचक काँट्रॅक्ट होतं, तेवढा पगार दुसरा कोणी देणार नव्हता म्हणून राहिला, याला निष्ठा कशाला म्हणायचं? बोला.

भुसावळ_लोको
का रे भो, सकाळी सकाळी ऊन लागलं का तुले?
२०१६-१७ मध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, जवळपास सगळा सीझन बाहेर होता तो. त्यांच्या स्ट्रायकर डिफोने एकट्याने १५ गोल मारले आणि अख्ख्या टीमचे मिळून २९! पॉइंट फक्त २४. आता यात दवाखान्यात असलेल्या माणसाने काय बुडवलं ते सांग. आणि डिफो त्याच उन्हाळ्यात बोर्नमाउथला गेला, त्याला कोणी गद्दार म्हटलं नाही, म्हणायचंही नाही. पण जो राहिला त्याला मग पैशासाठी राहिला म्हणायचं? हे बरं आहे तुमचं.

जळगावचा_गनर
ठीक आहे, त्या वर्षाचं सोड. मार्च २०१२ ची शेजारच्या न्यूकॅसलबरोबरची डर्बी आठव. कॅप्टन असून पहिल्याच मिनिटाला त्यांच्या टिओटेला पाडून यलो, बॉलला नीट पाय लागायच्या आधी. मॅच १-१ ने सुटली, शिटी वाजली, सगळे हात मिळवायला लागले आणि हा रेफ्रीशी हुज्जत घालून रेड घेऊन आला. मॅच संपल्यावर! याला टफ म्हणतात की बिनडोक?

यावल_विंगर
😂😂 ते मात्र खरंय, त्याला डिफेंड करताच येत नाही.

भुसावळ_लोको
शिटीनंतरचं रेड मूर्खपणाच होता, त्यावर मी भांडणार नाही.
पण बाकीच्या कार्डांबद्दल बोलू. मी रेल्वेच्या ग्राउंडवर याच जागेवर खेळलोय म्हणून सांगतो, चांगल्या टीममध्ये सहा नंबरवाल्याला, म्हणजे डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला, फार पळावं लागत नाही, पुढचे धावून समोरच्यावर दबाव टाकतात, फुलबॅक वेळेत मागे येतात, तो नुसता पासच्या रस्त्यात उभा राहिला तरी भागतं. खराब टीममध्ये बॉल आपल्याकडून सारखा जातो, दोन्ही फुलबॅक वर अडकलेले, मागचे दोन स्टॉपर घाबरून मागे मागे सरकताय, आणि मधली चाळीस यार्डाची जागा एकट्याने झाकायची. मग तू प्रत्येक बॉलला अर्धं पाऊल उशिराच पोचतो. तिथं दोनच ऑप्शन असतात, जाऊ देणं नाहीतर पाडणं. गेला की गोल, पाडला की यलो. त्याची निम्मी कार्डं दुसऱ्यांची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे, अन् हे आकड्यांत कधी दिसत नाही.

अमळनेर_काका
पोरांनो, तुम्ही दोघं फक्त क्लब वरच्या लीगमध्ये असतानाचं बोलताय, मला तो २०१८-१९ चा सीझन जास्त पटतो. ज्या माणसाने कोवळ्या वयात यूएफा कपची फायनल खेळली तो तिसऱ्या डिव्हिजनला एएफसी विम्बल्डनसारख्या छोट्या क्लबच्या ग्राउंडवर जाऊन दोन गोल मारतो आणि जिंकून देतो. नाक न मुरडता खेळला. मग मार्चमध्ये लंडनच्या वेम्बलीला ईएफएल ट्रॉफीची, म्हणजे खालच्या डिव्हिजनवाल्यांच्या कपची फायनल, ८५ हजारांवर माणूस, पोर्टस्मथबरोबर २-२, पेनल्टी. संडरलँडच्या बाकी सगळ्यांनी मारल्या, याचीच अडवली. दोन महिन्यांनी परत वेम्बली, वरच्या डिव्हिजनला जायची प्लेऑफ फायनल, चार्लटनने ९४ व्या मिनिटाला गोल करून २-१ ने घेतली. तिथून तो घरी गेला ते गेलाच, काँट्रॅक्ट बाकी असताना आपसात मिटवून क्लब सोडला. पैशाला चिकटलेला माणूस असं सोडत नाही हो.

जळगावचा_गनर
काका, तुम्हाला मान आहे, पण "आपसात मिटवून" म्हणजे काहीतरी देऊन-घेऊनच मिटतं ना? फुकट कोण सही करतं. आणि मी त्याला चोर म्हणत नाहीये. मी म्हणतोय खालावत चाललेल्या क्लबला असेच खेळाडू महागात पडतात, लोकांचे लाडके, वयस्कर, मोठ्या पगाराचे. विकता येत नाही, बसवलं तर स्टँडमधून ओरडा.

नंदुरबार_एक्सप्रेस
यात चूक काँट्रॅक्ट देणाऱ्याची की घेणाऱ्याची? संडरलँडच्याच रॉडवेलच्या काँट्रॅक्टमध्ये तर रेलिगेशन झालं, म्हणजे टीम खालच्या डिव्हिजनला गेली तरी पगार कमी होणार नाही असं होतं, आठवड्याला ७० हजार पौंड छापून आलं होतं. पुढ्यात ठेवलेल्या कागदावर तू सही केली नसती का भो, खरं सांग.

यावल_विंगर
मी तर पेन पण घरून आणला असता

धुळे_तीनशेसाठ
विषय जरा बाहेर जाईल पण आपल्याकडे हा वादच होऊ शकत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खाली जायची भानगडच ठेवली नव्हती. आणि त्याआधी मुंबईची महिंद्रा युनायटेड २०१० ला बंदच केली, पंजाबची जेसीटी पुढच्या वर्षी. खेळाडूने राहायचं की जायचं हे ठरवायला आधी क्लब तर शिल्लक पाहिजे. संडरलँड तिसऱ्या डिव्हिजनला गेली तरी स्टेडियमवर तीस-तीस हजार लोक येत होते. जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर बांधलेलं स्टेडियम आहे ते, खाण १९९३ ला बंद झाली, गावात दुसरं होतंच काय. तिथल्या माणसाला टॅकल मारणारा आवडणारच, स्किलवाले येतात आणि दोन वर्षांत जातात.

जळगावचा_गनर
म्हणजे लोकांना आवडला, बस. चांगला होता हे अजून कोणी सिद्ध केलं नाही. क्लब वर कधी आली? हा गेल्यावर. २०२२ ला प्लेऑफ जिंकून चॅम्पियनशिप, २०२५ ला परत प्रीमियर लीग, तेही सगळ्या कोवळ्या पोरांना घेऊन.

भुसावळ_लोको
हा २०१९ ला गेला, क्लब २०२२ ला वर आली. मधली तीन वर्षं तिसऱ्याच डिव्हिजनला कोणामुळे होती मग? तेव्हा तर तो नेदरलँडला व्हेनलोकडून खेळून रिटायर पण झाला होता. याचं उत्तर दे आधी.

अमळनेर_काका
देईल तो, पण संध्याकाळी. आत्ता ऑफिसात असेल.

जळगावचा_गनर
ऑफिसातच आहे काका 😅 लंचला देतो. पण लोको, ते निम्मी कार्डं दुसऱ्यांची वालं क्लिप लावून दाखव, तोंडी मानणार नाही.