‘हा-एमेत’ आणि भाषेचा प्रश्न

‘हा-एमेत’ हे ज्यू नियतकालिक वर्गणीदार मिळाले नाहीत म्हणून तीन अंकांत गुंडाळलं, असं सांगितलं जातं. पैशाची ओढाताण असणारच, पण मला वाटतं खरी गोम भाषेत होती. ‘हा-एमेत’ (म्हणजे ‘सत्य’) हे 1877 साली व्हिएन्नात निघालेलं समाजवादी नियतकालिक हिब्रूत होतं, आणि त्या काळी पूर्व युरोपातला ज्यू शिंपी किंवा मोची घरीदारी बोलायचा यिडिश. हिब्रू प्रार्थनेपुरती. गिरणी कामगारांसाठी संस्कृतात पत्रक काढावं, तसलाच प्रकार. अर्थात ते काढणाऱ्या आरोन लिबरमनला हे कळत नव्हतं असं नाही. त्याचा डोळा होता धर्मपाठशाळांत शिकलेल्या तरुणांवर, आणि त्यांना हिब्रू वाचता यायची. हा गडी लंडनमध्ये रशियन समाजवादी लाव्रोवच्या ‘व्पेर्योद’ या नियतकालिकासाठी छपाईचे खिळे जुळवायचा, 1876 मध्ये तिथेच त्याने ज्यू कामगारांची समाजवादी संघटना काढली, आणि व्हिएन्नात वावरला तो ‘आर्थर फ्रीमन’ या नावाने. 1878 मध्ये तिथेच पकडला गेला. 1880 मध्ये अमेरिकेत सिराक्यूजला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता.

भाषेच्या या प्रश्नाचं आणखी एक उदाहरण म्हणजे ज्यू समाजवादी लेखक विंचेव्स्की. त्यानेही आधी प्रशियातल्या क्योनिग्सबर्गहून हिब्रूतच ‘असेफत हखामिम’ हे नियतकालिक चालवून पाहिलं. तेही लवकरच आटोपलं. मग 1884 मध्ये लंडनला ‘पोयलिशर यिडल’ हे पत्र काढताना तो सरळ यिडिशवर आला. पुढच्याच वर्षी सुरू झालेला यिडिशमधला ‘आर्बेटर फ्रायंड’ (म्हणजे ‘कामगारमित्र’) मात्र, मधूनमधून बंद पडत का होईना, कैक वर्षं चालला.