सिलिंडर पावडर कोटिंगला देऊ नका, हात जोडतो

दांडियाबाजार: काल इथे एकाने लिहिलं, "मकरपुरा जीआयडीसीत (वडोदऱ्याची औद्योगिक वसाहत) स्कूबाचा ॲल्युमिनिअम सिलिंडर पावडर कोट करून आणला, नव्यासारखा झाला." खाली लोक दुकानाचा पत्ता मागतायत! ही रंगाची पावडर 180 ते 200 अंशांच्या भट्टीत पक्की होते. सिलिंडरच्या 6061 या ॲल्युमिनिअम मिश्रधातूला ताकद येते टी-6 उष्णोपचारातून, त्याचा शेवटचा टप्पाच साधारण 175 अंशांचा. त्याहून जास्त तापवून भाजलं की धातू मऊ पडतो आणि वरून काहीच कळत नाही. अमेरिकेच्या नियमांत 177 अंशांपुढे तापलेला सिलिंडर बादच करतात.

जीआयडीसीवाला: पोस्ट माझीच. गाडीची अलॉय व्हील्स त्याच भट्टीतून काढली, चार वर्षं धावतायत. हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घेतो, मग तर झालं?

दांडियाबाजार: टायरमध्ये जेमतेम अडीच बार, सिलिंडरमध्ये 207. भाजलेला धातू टेस्टने परत कडक होत नाही. भरताना शेजारी कंप्रेसरवाला पोरगा उभा असतो, त्याचा विचार करा.

तारकर्लीची_वारी: मुळात रंग हवाच कशाला? ॲल्युमिनिअम स्वतःच ऑक्साइडचा थर धरतं. मी जुना पिवळाधमक सिलिंडर घेतला. बूट (तळाचं प्लास्टिक-रबरी टोपण) काढला तर तळाचा रंग फुगलेला, खरवडला तर खाली खड्डे. खांद्यावरचे शिक्के रंगाने बुजलेले, टेस्टची तारीख वाचता येईना. विकणाऱ्याने फोन उचलणंच सोडलं.

मांजलपूरकर: खड्डे बुटात साचलेल्या खाऱ्या पाण्याने पडले, रंगाने नाही. माझा रंगवलेला सिलिंडर नऊ वर्षं ठणठणीत आहे. दर डाइव्हनंतर बूट काढून गोड्या पाण्याने धुतो.

तारकर्लीची_वारी: तुम्ही धुता हो! विकणारा धूत होता का? रंगाखाली काय आहे ते घेणाऱ्याला दिसतच नाही, माझे पैसे त्यातच गेले.

मांजलपूरकर: मग फसवणाऱ्याला बोला, रंगाला नको. सिलिंडर रिकामा करायचा, व्हॉल्व्ह आणि गळा टेपने झाकायचा, हाताने हलकं घासायचं, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला हात, वर हवेत वाळणारा रंग. शिक्क्यांवर थेंब नाही. जुना रंग काढायला कॉस्टिक तर मुळीच नको, ते ॲल्युमिनिअमच खातं.

तारकर्लीची_वारी: शिक्के उघडे ठेवणार असाल तर रंगवा. बूट मात्र मी काढूनच बघणार.

जीआयडीसीवाला: भट्टीचं माझं चुकलं. चारचौघांत असं झापायची गरज नव्हती, पण चुकलं. तो सिलिंडर आता भरायला देत नाही, पत्ताही काढून टाकलाय. दुसरा घरीच हाताने रंगवेन. एच प्रायमर किती वेळ वाळू द्यायचा?




मांजलपूरकर: डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढा पूर्ण. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवून घाई करू नका.