‘लायनर काढा’ म्हणजे लावा की पुसा?

तळटीप: मायसेलर वॉटरच्या (मेकअप घालवायच्या पाण्याच्या) बाटलीसोबतचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मी लिहिलं, ‘भिजवलेला कापूस पापणीवर काही सेकंद धरा आणि लायनर काढा’. तपासणाऱ्या बाईंचा शेरा: ‘काढा म्हणजे रेखाटा ना? रांगोळी काढतात, मेहंदी काढतात.’ ‘पुसा’ लिहिलं तर वाचणारी डोळा खसाखसा घासणार, आणि घासायला लागू नये म्हणून तर कापूस धरून ठेवायचा. काय लिहू?

रंगपट: ‘उतरवा’ लिहा. आमच्या हौशी नाटकमंडळीत रंग उतरवतात. प्रयोग संपला की खोबरेल तेल तोंडभर चोपडायचं, जुन्या धोतराच्या फडक्याने रंग उतरवायचा, मग साबण.

झणझणीत: उतरवतात ती दृष्ट.

रंगपट: दृष्ट काढतातही. झालं समाधान?

शुद्धलेखनी: मुळात मायसेलर वॉटर कशाला? ‘कणजल’ म्हणा. ‘महापौर’लाही लोक आधी हसलेच असतील.

झणझणीत: दुकानात कणजल मागितलं तर गढूळ पाणी देतील हो. आणि ‘मायसेलर’मधलं मिसेल आपल्या मिसळीवरूनच आलेलं दिसतंय. तेल-पाणी एकत्र नांदवतं ना!

कलिल: मिसळ आली ‘मिश्र’वरून. मिसेलचं मूळ लॅटिन ‘मिका’, म्हणजे कण, चुरा. अभ्रकाचं ‘मायका’ हे नावही तिथलंच, आणि आयशॅडोची चमक पुष्कळदा अभ्रकाचीच असते. म्हणजे एक मिका लावायचा, दुसऱ्याने घालवायचा. मिसेल हा रेणूंचा इवलासा गोळा: पाणी मानवणारी डोकी बाहेर, तेल मानवणारी शेपटं आत. तेलकट रंग त्या शेपटांत अडकतो आणि कापसावर येतो. दुधातही केसिन या प्रथिनाचे मिसेल असतात. ते मोठे, उजेड विखुरतात, दुधाच्या पांढरेपणात त्यांचाही वाटा. बाटलीतले फार बारीक, म्हणून ते पाणी नितळ दिसतं.

माजघर: मग आमच्या रिठ्याच्या पाण्यात?

कलिल: असतात की. रिठ्यातल्या सॅपोनिनचे, म्हणजे फेस आणणाऱ्या द्रव्याचे. पण ते डोळ्यांजवळ नको, आग होते.

शुद्धलेखनी: रिठा चालत असेल तर ‘फेनजल’ घ्या.

माजघर: फेस येत नाही तर फेन कसला? आणि कितीही ‘धुवायची गरज नाही’ म्हणोत, मी नंतर साध्या पाण्याने तोंड धुतेच. नाहीतर चेहरा चिकट लागतो.

तळटीप: मंडळी, लायनर!

रंगपट: वॉटरप्रूफ असेल तर या पाण्याने धड निघणार नाही. खोबरेल तेलच लावा.

शुद्धलेखनी: ‘खोबरेल तेल’ चूक. खोबरेलमधला ‘एल’ म्हणजेच तेल. एरंडेल तसंच.

रंगपट: तुम्ही दुकानात नुसतं ‘खोबरेल द्या’ म्हणता?

शुद्धलेखनी: हो. आणि मिळतं.