नव्या गावात मुलाची शाळा : घराजवळची की नावाजलेली?

नागपूरची लेक :

माझा मावसभाऊ येत्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरहून नाशिकला राहायला येतो आहे. मुलगा जूनमध्ये चौथीत जाईल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आहे, एवढेच नक्की आहे. घर अजून ठरलेले नाही. त्याने मला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "ताई, नाशिकमधली सगळ्यांत चांगली शाळा कोणती?" तीन वर्षांपूर्वी नागपूरहून येताना मीही हाच प्रश्न दहा जणांना विचारला होता आणि आज मला वाटते की तो प्रश्नच चुकीचा होता.

आम्ही घर इंदिरानगरला घेतले आणि शाळा निवडली गंगापूर रोडची, कारण ज्याला विचारावे तो तिचेच नाव घेत होता. मुलगी तेव्हा तिसरीत होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, इथल्या मात्र जूनच्या मध्यालाच सुरू होतात, त्यामुळे आम्ही सामान लावेपर्यंत वर्गातल्या जोड्या जमून गेल्या होत्या. व्हॅन पावणेसातला दारात यायची आणि मुंबई नाका, त्र्यंबक नाका, अशोक स्तंभ असे करत, मध्ये सात-आठ मुले गोळा करत तासाभराने पोहोचायची. शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. पण शाळा लांब असली की ती वाचलेली झोप प्रवासातच जाते.

तरीही माझा मुख्य मुद्दा प्रवासाचा नाही. शाळेतल्या तिच्या मैत्रिणी गंगापूर रोड आणि कॉलेज रोड भागात राहणाऱ्या होत्या, आणि संध्याकाळी आमच्या इमारतीखाली खेळायला जमणाऱ्या मुली इंदिरानगरच्याच दोन-तीन शाळांतल्या होत्या. त्या आपल्या बाईंविषयी, स्नेहसंमेलनाविषयी बोलायच्या तेव्हा ही कडेला उभी असायची, आणि वर्गातल्या मुली कोणाच्या घरी जमायच्या तेव्हा आम्हाला तिला तिथे नेऊन आणणे जमायचे नाही. जे मूल आपले गाव, आजी-आजोबा आणि जुनी शाळा एका महिन्यात मागे टाकून येते, त्याला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त गरज असते ती वर्गात आणि अंगणात तेच चार चेहरे दिसण्याची. वर्षभराने आम्ही तिला घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरच्या, फारसे नाव नसलेल्या शाळेत घातले, आणि दिवाळीपर्यंत ती पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागली. माझे म्हणणे असे की निदान पाचवीपर्यंत आधी अंतर पाहावे. बोर्ड, निकाल आणि नाव यांचा विचार त्यानंतर करावा.

फिरस्ती :

आपला अनुभव मनाला भिडला, तरी त्यातून काढलेला नियम मला मान्य नाही. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि माझ्या मुलाने सातवीपर्यंत चार गावे पाहिली आहेत. प्रत्येक वेळी घराजवळची शाळा घेतली असती, तर त्याचे बोर्ड निदान तीनदा बदलले असते. आपण अंगणातल्या मैत्रीला महत्त्व देता ते योग्यच आहे, परंतु गणितात वर्ग ज्या प्रकरणाच्या पुढे गेला आहे ते प्रकरण ज्याने कधी पाहिलेच नाही, त्या मुलाचा आत्मविश्वास अंगणात परत मिळत नाही.

केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. राज्य मंडळातून जूनमध्ये येणारे मूल तिथे पहिल्या दिवसापासूनच मागे असते. याउलट केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात जाताना पुस्तके तीच, क्रम तोच आणि परीक्षेची पद्धतही तीच राहते. आम्ही हुबळीहून इथे आलो तेव्हा मुलाला फक्त वर्गखोली नवी होती.

आणि अंतराचा प्रश्न उलट्या बाजूनेही सोडवता येतो. आपण आधी घर घेतले आणि मग शाळा शोधली. बदलीची नोकरी असणारे आम्ही लोक आधी शाळा ठरवतो आणि मग तिच्या आसपास भाड्याचे घर पाहतो. घर अकरा महिन्यांच्या कराराचे असते. शाळा मात्र तशी बदलता येत नाही. आपल्या मावसभावाचे घर अजून ठरलेले नाही, म्हणजे त्यांच्या हाती ही संधी आहे.

सहावी स्कीम :

मी नाशिकच्या सिडको वसाहतीत राहतो आणि "घराजवळची" या शब्दाविषयीच मला शंका आहे. नकाशावर माझ्या घरापासून इंदिरानगरमधली एक चांगली शाळा फार लांब नाही. पण मध्ये मुंबई-आग्रा महामार्ग आहे आणि तो ओलांडायला इंदिरानगरचा बोगदा आहे. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तिथे दुचाकी, रिक्षा आणि कंपनीच्या बसगाड्या यांची जी कोंडी होते, त्यात नऊ वर्षांच्या मुलाला सायकलवर पाठवण्याची माझी हिंमत होत नाही. त्याच वेळी दुप्पट अंतरावरची, पण महामार्गाच्या आमच्याच बाजूला असलेली शाळा मुलगा आतल्या गल्ल्यांतून एकटा गाठतो. नाशिकरोडला राहून कॉलेज रोडची शाळा घेणाऱ्यांना द्वारका चौकातल्या कोंडीविषयी वेगळे सांगायला नको.

शिवाय २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवसांत बाहेरची वाहने शहराच्या वेशीवरच थांबवली होती आणि गावातले कितीतरी रस्ते बंद होते. पंचवटी किंवा तपोवनाच्या बाजूने रोज जा-ये करावी लागेल अशी शाळा येती दोन वर्षे तरी नव्याने घेऊ नये, असे मला वाटते. तेव्हा ताई, आपल्या बाजूने बोलूनही मी इतके सुचवीन की अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. मूल किती मोठे रस्ते ओलांडते ते मोजावे, आणि पालकांनी घर पक्के करण्याआधी एकदा सकाळी शाळेच्या वेळी तो रस्ता स्वतः चालून पाहावा.

देवळालीकर :

मी एवढेच नमूद करतो की माझ्या मुलीला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेने दोन वर्षे तिला आळशी ठरवले. आता ती अकरा किलोमीटरवरच्या शाळेत जाते, कारण तिथे विशेष शिक्षिका आहेत आणि त्या तिला उत्तर तोंडी सांगू देतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता नोंदलेली आहे. पण कायद्यात असणे वेगळे आणि आपल्या वर्गावरच्या बाईंना ते ठाऊक असणे वेगळे. आधी अंतर पाहावे हा नियम माझ्या घरी लागू केला असता तर मुलगी शाळेलाच मुकली असती. असे मूल ज्यांच्या घरी आहे त्यांनी या चर्चेतला अंतराचा सल्ला कृपया घेऊ नये.

नागपूरची लेक :

देवळालीकर, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. "निदान पाचवीपर्यंत आधी अंतर" असे मी सरसकट लिहायला नको होते. ते मी मागे घेते. ज्या मुलाला विशिष्ट मदत लागते, त्याच्यासाठी ती मदत जिथे आहे तीच शाळा.

फिरस्ती यांच्याशी मात्र मी सहमत नाही. बोर्डाचे सातत्य हा दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घराचा प्रश्न आहे. माझा भाऊ खाजगी कंपनीत आहे, मुलगा मराठी माध्यमात राज्य मंडळाच्या शाळेत शिकतो आहे आणि हे कुटुंब बहुधा इथेच स्थिरावेल. तिसरी-चौथीच्या अभ्यासातला फरक दोन-तीन महिन्यांत भरून निघतो. घरात बसून कोणी शिकवले तर त्याहूनही लवकर. मुलाला एकदा एकटे वाटू लागले की तो एकटेपणा मात्र असा शिकवणी लावून जात नाही. शाळेजवळ घर घेण्याची सूचना चांगली आहे, पण नावाजलेल्या शाळांच्या परिसरातली भाडी सगळ्यांना परवडणारी नाहीत, आणि रोज अंबडला जाणाऱ्या वडिलांनी गंगापूर रोडला राहायचे म्हणजे मुलाचा प्रवास वडिलांच्या वाट्याला येतो. संध्याकाळी घरी उशिरा पोहोचणारे वडील हीसुद्धा मुलाच्या शिक्षणातलीच गोष्ट आहे. राहिला कायद्याचा भाग, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा बदलण्याचा हक्क दिलेलाच आहे, त्यामुळे जवळच्या कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता येणार नाही.

खडू-फळा :

मी अनुदानित मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ताईंच्या शेवटच्या वाक्यात एक महत्त्वाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे, कारण त्यावर विसंबून कोणी जूनमध्ये दारोदार फिरू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मधला शाळा बदलण्याचा हक्क शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेत बदली मिळण्याचा हक्क त्यात नाही. तिथे जागा असली आणि त्यांनी दिली तरच प्रवेश मिळतो. खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांवरचा प्रवेशसुद्धा शाळेच्या प्रवेशस्तरावरच, म्हणजे पहिलीत किंवा पूर्वप्राथमिकला होतो. जुन्या गावात ती जागा मिळालेली असली तरी चौथीत गाव बदलताना ती सोबत येत नाही, आणि अनेक पालकांना हे नव्या शाळेच्या कार्यालयात कळते. मात्र कलम ५ खाली प्रवेश घेताना जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, तर तेवढ्या कारणाने नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हेही याच कायद्यात आहे.

आता मूळ वादाविषयी. फिरस्ती आणि ताई दोघेही शाळेला बाहेरून पाहत आहेत, एक बोर्डाच्या बाजूने आणि एक रस्त्याच्या बाजूने. माझ्या मते प्राथमिक शाळा म्हणजे तो एक वर्ग आणि त्यावरचे शिक्षक. नावाजलेल्या शाळेतही एका तुकडीत साठ मुले असू शकतात, आणि महापालिकेच्या एखाद्या शाळेत पंचवीस मुले आणि जीव ओतून शिकवणारे गुरुजी असतात. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले आहे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यावरून शाळेचा पट, शिक्षकसंख्या आणि सोयी पाहता येतात, परंतु या आकड्यांवर थांबू नये. शाळेत जाऊन विचारावे की चौथीचे शिक्षक या शाळेत किती वर्षांपासून आहेत. जिथे शिक्षक दर वर्षी बदलतात, तिथे इमारत कितीही देखणी असली तरी मुलाला ओळखणारे कोणी नसते. शक्य झाल्यास मधल्या सुट्टीत पाच मिनिटे आवारात उभे राहावे. मोठी मुले लहानांशी कशी वागतात आणि उशिरा आलेल्या मुलाशी बाई कशा बोलतात, ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

मराठी माध्यमातल्या मुलाला गाव बदलताना त्याच झपाट्यात इंग्रजी माध्यमात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या पाहण्यात या एका निर्णयाने जितकी हुशार मुले मिटून गेली, तितकी लांबच्या शाळेने किंवा बोर्डाने गेली नाहीत. घर, मित्र आणि भाषा या तिन्ही गोष्टी एकाच जूनमध्ये बदलू नयेत. माध्यम बदलायचेच असेल तर मूल नव्या गावात रुळल्यावर, वर्षभर तयारी करून बदलावे.

फिरस्ती :

बाई, शेवटच्या मुद्द्यावर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच मला वाटते की आपण माझीच बाजू मांडली आहे. भाषा बदलू नये, तसे बोर्डही बदलू नये. जे सोबत नेता येते ते न्यावे. या मुलाचे राज्य मंडळ आणि मराठी माध्यम कायम राहणार असेल, तर त्या दोन अटी पुऱ्या करणाऱ्या शाळांमधून जवळची निवडायला माझी हरकत नाही. पण क्रम तोच राहील : आधी मंडळ आणि माध्यम, मग अंतर.

नागपूरची लेक :

आणि माझा क्रम आधी पायी जाता येईल अशा शाळा, मग त्यांतली माध्यमाला जुळणारी. सिडको आणि इंदिरानगर भागात मराठी माध्यमाच्या शाळा आजही आहेत, त्यामुळे माझ्या भावाच्या बाबतीत आपण दोघे कदाचित त्याच फाटकापाशी पोहोचू. पण ज्या वस्तीत जवळ केवळ इंग्रजी शाळाच उरल्या आहेत तिथे काय करावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. बाईंचे म्हणणे मानले तर तिथे मुलाला लांब पाठवावे लागेल, आणि तसे करायला माझे मन तयार होत नाही.

खडू-फळा :

तिथे ती वस्तीच सोडून दुसरीकडे घर पाहावे, असे मी सांगेन. भाड्याचे घर असेपर्यंत ते शक्य असते. आपल्या भावाला मात्र आजच एक निरोप द्या. संभाजीनगरच्या शाळेतून दाखला घेण्यापूर्वी शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद जन्मदाखल्याशी आणि वडिलांच्या कागदपत्रांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायला सांगा. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करून घेणे सोपे असते. दाखला हातात पडल्यानंतर त्याच एका वेलांटीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात खेटे घालणारे, आणि जात पडताळणीच्या वेळी अडकलेले पालक मी दर वर्षी पाहत आले. मार्चमध्येच जाऊन या, परीक्षेच्या गडबडीत लिपिकांना वेळ नसतो.