बंद टॉकीजच्या केबिनमध्ये रिळं सापडलीत, भंगारात देऊ की ठेवू?

टॉकीजवाल्यांचा_नातू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या आजोबांचं तालुक्याच्या गावी टॉकीज होतं, साडेपाचशे सीटचं. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालं ते परत उघडलंच नाही. आता जागा विकायचं ठरलंय, घेणारा पाडून मंगल कार्यालय बांधणार. परवा केबिन रिकामी करायला गेलो तर दोन्ही प्रोजेक्टर जागच्या जागी, रिवाइंडिंगचं टेबल, आणि कोपऱ्यात पत्र्याचे ११ डबे, आत रिळं. भंगारवाला सगळं किलोवर घेतो म्हणतोय, मंगळवारी टेम्पो आणणारे. काका म्हणतात देऊन टाक, आता कोण विचारतंय त्याला. मला मात्र दोन दिवस झोप नाही.

माझ्या लहानपणी पिक्चर पुण्या-मुंबईत लागून दोन-अडीच महिन्यांनी आमच्याकडे यायचा. प्रिंटची पेटी एस्टीच्या टपावरनं यायची आणि तोवर प्रिंटचा पार चोथा झालेला असायचा, पडद्यावर पाऊस पडल्यागत रेघा, मधेच गाणं अर्धं गायब. २००८ ला बाबांनी कर्ज काढून पिक्चर सॅटेलाइटवरून उतरवून घ्यायला छपरावर डिश बसवली, केबिनमध्ये सर्व्हर आला, आणि पहिल्यांदाच आमच्या गावात मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी पिक्चर लागला. बाबा गेटवर उभं राहून पेढे वाटत होते, मी बघितलंय. पहिली चार-पाच वर्षं खरंच सुगीची गेली. पण सगळीकडे एकाच दिवशी लागतो म्हटल्यावर पिक्चर आठवड्यातच संपायला लागला, आधी शहरात चाललेला बघून आपण लावायचा ही सोयच राहिली नाही, पडला तर सगळ्यांकडे एकदमच पडायचा आणि डिजिटल मशीनवाल्यांचे पैसे वेगळे द्यायचेच. एकदा तर शुक्रवारी की-च, म्हणजे पिक्चरची फाइल उघडायचा कोडच, आली नाही. बाराच्या शोला अडीचशे माणसं आत बसलेली, बाबा फोनवर, साडेबारा झाले, एक झाला, शेवटी खिडकीवर उभं राहून एकेकाला तिकिटाचे पैसे परत दिले. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

आणि २०१६. सैराटला आम्ही रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा शो लावला, ट्रॅक्टर भरून लोक आले होते, बायका-पोरं पायरीवर बसून बघत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. पुढच्या वर्षी मॅटिनीला कधी नऊ माणसं, कधी अकरा.

असो. प्रश्न एवढाच की ह्या रिळांचं काय करायचं? काही किंमत आहे का, कुणी घेतं का, की काका म्हणतात तेच बरोबर?

ऑपरेटर_चौतीस_वर्षं

बाळा, टेम्पोवाल्याला आधी थांबव, मग बाकीचं वाच.

मी सांगली भागात तीन टॉकीजात मिळून ३४ वर्षं मशीन चालवली. सुरुवातीला मशीनच्या दिव्याला कार्बनच्या कांड्या होत्या, दोन कांड्यांमधलं अंतर हाताने सारखं करत बसायचं, जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडणार आणि खालनं शिट्ट्या. पुढं झेनॉनचा दिवा आला तेव्हा सुटल्यागत वाटलं. दर वीस मिनिटांनी रीळ बदलायचं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, मग सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका की चेंजओव्हर. लोकांना कळलं नाही तर आपलं काम नीट झालं. अजून टीव्हीवर जुना पिक्चर लागला की माझी नजर त्या कोपऱ्याकडेच जाते.

आता कामाचं. डबे एकदम सगळे उघडू नको. एकेक उघड, खिडकी उघडी ठेव, वास घे. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते रीळ सडायला लागलंय, तो डबा लगेच बाजूला काढ, शेजारचीही रिळं बिघडवतो. रीळ चिकट झालं असेल, भुकटी पडत असेल किंवा फार जुनं, १९५० च्या आधीचं वाटत असेल तर हातच लावू नको, ते नायट्रेट, म्हणजे पटकन पेट घेणारी जुन्या काळची फिल्म, असू शकतं, एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. बिडी-सिगरेट केबिनच्या आसपाससुद्धा नको. आणि हौस म्हणून मशीनवर चढवून बघू नको, वाळलेली फिल्म दातऱ्यात अडकून फाटते. डबे आडवे ठेव, उभे नको.

भंगारवाल्याचं म्हणशील तर काळ्या-पांढऱ्या फिल्मेत चांदी असते, पूर्वी लोकांनी त्या चांदीसाठी किती पिक्चर वितळवले ह्याला मोजदाद नाही. रंगीत प्रिंटमधली चांदी धुतानाच निघून जाते. म्हणजे तुझी रंगीत असतील तर तो प्लास्टिकचा भाव देणार, बस.

आमच्याकडे डिजिटल आलं तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघं होतो, दुसऱ्याला महिन्याभरात काढलं. मला ठेवलं ते बटण दाबायला आणि संध्याकाळी गेटवर उभं राहायला. मालकाची चूक नव्हती, त्यालाही परवडत नव्हतं. पण हात रिकामे झाले ते झालेच.

मास्टरकॉपी

मी पुण्यात पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे, सिनेमाच्या फाइली पॅक करून थेटरला पाठवायचं काम. ऑपरेटरकाकांनी सांगितलंय ते सगळं बरोबर, त्यात थोडी भर.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, आता एनएफडीसी ह्या सरकारी चित्रपट महामंडळाच्या अखत्यारीत. त्यांना डब्यावरच्या चिठ्ठ्यांचे फोटो, किती रिळं, रंगीत की काळी-पांढरी, वास येतो का, एवढं लिहून कळवा. प्रिंट तुमच्याकडे असली तरी सिनेमाचे हक्क तुमचे होत नाहीत, त्यामुळे मोबाइलने शूट करून यूट्यूबवर टाकू नका, संग्रहालयाला द्यायला मात्र काही अडचण नाही.

काका, म्हणजे नातूसाहेबांचे काका, म्हणतात कोण विचारतंय, त्यांना एवढंच सांगा की आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट झाले आणि आज त्यातले तीससुद्धा सापडत नाहीत, तेही बरेचसे तुकड्यात. पहिला बोलपट आलम आरा, १९३१ चा, त्याची एकही प्रिंट नाही. प्रभातचा अयोध्येचा राजा १९३२ चा, तो आहे म्हणून आपण बघू शकतो. जे गेलं त्यातलं बरंच कुणीतरी 'आता काय करायचंय' म्हणून दिल्यामुळे गेलं. २००३ ला पुण्यातल्या आगीत नायट्रेटची रिळं गेली ती वेगळीच.

आणि मला रोज टोचणारी गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं डिजिटल झालं म्हणजे कायमचं झालं. उलटं आहे. थेटरला जाते ती फाइल कुलूपबंद असते, तिची की ठराविक तारखांपुरतीच चालते, नंतर ती हार्ड डिस्क नुसती वीट. मूळ मास्टर निर्मात्याकडे, म्हणजे बऱ्याचदा कपाटात, एका डिस्कवर. गेल्या वर्षी एक निर्माते डिस्क घेऊन आले, दहा-बारा वर्षांपूर्वीचा मराठी सिनेमा, एका वाहिनीला हवा होता. डिस्क लावली, टक-टक-टक आवाज, बाकी काही नाही. दुसरी कॉपी नव्हती. ते गृहस्थ खुर्चीत तसेच बसून राहिले, मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी टीव्हीसाठी काढलेली एक बारीक फाइल कुठूनतरी मिळाली, मोठ्या पडद्यासाठी तो सिनेमा संपला. टेपवर ठेवलं तरी मशीनच्या पिढ्या बदलतात, नवं मशीन फार मागची टेप वाचत नाही, म्हणून दर काही वर्षांनी सगळं उचलून नव्या टेपवर न्यावं लागतं, आणि त्याचे पैसे छोट्या निर्मात्याकडे नसतात. ह्याउलट थंड, कोरड्या खोलीत नीट ठेवलेली फिल्म शंभर वर्षं काढते, उजेडासमोर धरली की चित्र दिसतं, सॉफ्टवेअर लागत नाही.

वाडीवरून

सगळं पटतंय पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे. आमची वाडी बीड जिल्ह्यात, जवळचं थेटर ४० किलोमीटरवर, शेवटचा शो सुटला की परतायला गाडी नाही. मी वयाच्या १९ व्या वर्षापर्यंत थेटरात चार पिक्चर बघितले. बाकी जे काय बघितलं, इराणी, कोरियन, मल्याळम, ते मोबाइलवर खाली अक्षरं वाचत बघितलं. माझा चुलत भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा, थेटरात तो कधी आलाच नाही, आता सबटायटल लावून माझ्या आधी पिक्चर बघून मोकळा होतो आणि शेवट सांगू का म्हणून हातवारे करतो. मोबाइलनेच थेटर मारलं असं म्हणताना आमच्यासारख्यांना थेटर होतंच कुठं हेही लक्षात घ्या.

पण एक कबूल करतो. सैराट आम्ही जीप करून जाऊन बघितला. शेवटी ते लहान पोर रक्ताचे ठसे उमटवत बाहेर येतं तेव्हा आख्ख्या थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर तोच सीन मी मोबाइलवर तीनदा बघितला, तसं परत झालं नाही. ती शांतता मोबाइलवर मिळत नाही.

टॉकीजवाल्यांचा_नातू

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी खिडकी उघडून डबे एकेक करून उघडले. दोन डब्यांना आंबूस वास येतोय, ते गच्चीवरच्या खोलीत वेगळे ठेवले, उन्हात नाही. एकात फिल्म्स डिव्हिजनचा छोटा माहितीपट आहे, पिक्चरच्या आधी दाखवायचे तो. तीन डब्यांत ट्रेलरचे तुकडे. आणि पाच डबे एकाच मराठी पिक्चरचे दिसतायत, काळा-पांढरा, चिठ्ठीवरचं नाव वाळवीने खाल्लंय, पण रीळ नंबर वाचता येतात, १, २, ४, ५ आणि ८. डब्यांशिवाय एका खोक्यात काचेच्या स्लाइडी सापडल्या, बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानाची, आणि एक आजोबांच्या अक्षरात, 'रडणाऱ्या मुलांस कृपया बाहेर न्यावे'. ती काकांना दाखवली, ते बराच वेळ हातात धरून बसले. मग स्वतःच भंगारवाल्याला फोन करून रिळं आणि एक मशीन वगळलं म्हणून सांगितलं.

फोटो काढून संग्रहालयाला मेल टाकलाय. ऑपरेटरकाका, एक विचारायचं होतं, ४ नंबरचं रीळ चकतीवरून सैल होऊन बाहेर आलंय, ते गुंडाळून नीट बसवू का?

ऑपरेटर_चौतीस_वर्षं

ओढू नकोस. सैल दिसलं की माणूस टोक धरून खेचतो, तिथेच ओरखडे पडतात. धुतलेले, कोरडे सुती हातमोजे घाल, फिल्म फक्त कडेने धर, जेवढी बाहेर आलीय तेवढी सैलसरच डब्यात बसव आणि झाकण लाव. आतला भाग मशीनवर गुंडाळायचं काम त्यांच्या माणसांना करू दे. आणि पिक्चरचं नाव हवं असेल तर १ नंबरच्या रिळाची सुरुवातीची दोन हात फिल्म हळूच सोडून खिडकीच्या उजेडात बघ, पहिल्यांदा सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं, त्यावर नाव असतं. बघितलंस की इथे लिही, मी जागा आहे.