शट डाऊन नको, रिस्टार्ट करा : ऑफिस प्रिमायसेस सोसायटीचा ग्रुप

शुभदाताई, बी-३०४ (सीए) – ९:०८
मंदार, माझ्याकडची चार मशीन्स ऑफलाइन. मुलं घरून लॉगिन करायला बसलीयेत, आज २० तारीख, जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नचा शेवटचा दिवस. डीएससीचे (डिजिटल सहीचे) टोकन ऑफिसच्या मशीनलाच लावलेत. शनिवारी जे काही घातलंत ते आधी काढा.

मंदार (आयटी) – ९:११
ताई, काढायचं नाहीये. शनिवारी ६ ला रिमोट टूलचं (दुरून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचं) अपडेट गेलं तेव्हा चारही मशीनवर कुणाचं तरी रिमोट सेशन उघडंच होतं. इन्स्टॉलरने जुनी सर्व्हिस (मागे सतत चालणारा भाग) काढली, नव्या फाइल्स आणल्या, पण एक फाइल वापरात सापडली म्हणून ३०१० कोड देऊन थांबला. ३०१० म्हणजे काम झालंय, रिस्टार्ट बाकी. आपोआप रिस्टार्ट होऊ द्यायचं नाही हे मागच्या मीटिंगमध्ये तुमच्याच सांगण्यावरून ठरलंय.

शुभदाताई, बी-३०४ – ९:१२
म्हणजे चूक माझी. बरं.

शुभदाताई, बी-३०४ – ९:१३
आणि शनिवारी रात्री आमच्या माणसाने सगळी मशीन्स बंद केली, आज सकाळी चालू केली. मग रिस्टार्ट झालंच की!

मंदार – ९:१६
नाही झालं. विंडोज १० आणि ११ ला फास्ट स्टार्टअप चालू असतं. शट डाऊन केलं की तुमचं लॉगिन बंद होतं, पण आतला सिस्टमचा भाग डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेल्या फाइल्स बदलण्याचं काम खऱ्या बूटलाच (विंडोज पूर्ण नव्याने सुरू होतानाच) होतं. स्टार्ट मेनूतून रिस्टार्ट केलं तरच खरा बूट.
पडताळायचं असेल तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली अप टाइम बघा. रोज बंद करूनही तिथे दहा-बारा दिवस दिसतील.

नाना, ए-१०२ (ट्रान्सपोर्ट) – ९:१७
गेटवरच्या पीसीचं काय?

राजेश, सी-४०५ (स्टुडिओ) – ९:१९
अप टाइम बघितला. १६ दिवस. आमच्याकडे तर रोज बंद करतात. 😄

कौस्तुभ, ए-३०७ – ९:२१
हे पैसे भरून डोकेदुखी विकत घेणं आहे. रस्टडेस्क हे रिमोट टूल टाका, स्वतःच्या सर्व्हरवर, फुकट. मी मार्चपासून सांगतोय.

सेक्रेटरी – ९:२२
मंदार, एकूण किती राहिलीत? नीट आकडा द्या, कमिटीला सांगावं लागेल.

मंदार – ९:२७
६२ पैकी ४७ झाली. १५ बाकी, ती अशी :
४ ताईंची, ३०१०.
५ मशीन्सवर अपडेटचा लावलेला टास्क सुरूच झाला नाही. 'स्टार्टअपला चाल' असं लावलं होतं, आणि फास्ट स्टार्टअपमध्ये ते स्टार्टअप धरलंच जात नाही. ज्या दोन ऑफिसांत डोमेन आहे (सगळी मशीन्स एका सर्व्हरवरून सांभाळतात) तिथे ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे त्या सर्व्हरवरून लावलेल्या नियमांच्या, इन्स्टॉलचंही हेच होतं. शिवाय तिथे 'नेटवर्कची वाट बघ' ही पॉलिसी लावायची असते. नाहीतर केबल जागी होण्याआधीच मशीन पुढे निघून जातं.
४ वर १६१८. त्याच वेळी दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू होतं. थोड्या वेळाने परत पाठवलं की जातं.
२ वर १६०३. हा कोड काहीच सांगत नाही, सविस्तर लॉग काढून त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधायचं आणि त्याच्या वरच्या ओळी वाचायच्या. दोन्हीकडे अँटिव्हायरसने नवी सर्व्हिस अडवलीय.

नाना, ए-१०२ – ९:२८
यात गेटचा पीसी धरलाय का?

शुभदाताई, बी-३०४ – ९:३०
मला एवढंच कळत नाही की महिन्याच्या २० ला लागून हे करायची घाई काय होती. चाललं होतं ना नीट.

अनिकेत, बी-५०२ – ९:३६
ताई, घाई असते. स्क्रीनकनेक्ट या रिमोट टूलचं उदाहरण घ्या. १९ फेब्रुवारी २०२४ ला कंपनीने सुरक्षेतलं भोक जाहीर केलं, पासवर्डशिवाय आत शिरता येईल असं, गंभीरता १० पैकी १०. दुरुस्ती व्हर्जन २३.९.८ मध्ये. दोन दिवसांत लोकांचे सर्व्हर फुटायला लागले होते. सोमवारी बघू म्हणणारे त्यातच सापडले.

राजेश, सी-४०५ – ९:४०
आणि १९ जुलै २०२४? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट एकदम सगळीकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच हिशोबाने ८५ लाख विंडोज मशीन्स पडली. विमानं थांबली. सगळ्या ६२ वर एका शनिवारी पाठवायचं हे कुणी ठरवलं? आधी ३, मग १५, मग उरलेली, असं का नाही?

अनिकेत, बी-५०२ – ९:४१
तोवर चोर येऊन जाईल.

राजेश, सी-४०५ – ९:४१
तोवर सीए ऑफिस बंद पडेल.

शुभदाताई, बी-३०४ – ९:४२
पडलंच आहे.

मंदार – ९:४९
दोघांचंही बरोबर आहे, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. सूचना आली की पहिलं बघायचं, भोक सर्व्हरमध्ये आहे की एजंटमध्ये, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसवलेल्या भागात. स्क्रीनकनेक्टचं भोक सर्व्हरमध्ये होतं. तो एकच असतो आणि इंटरनेटवर उघडा असतो, त्याला त्याच रात्री दुरुस्त करायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. एजंटमध्ये भोक असेल आणि त्यासाठी आधीच मशीनवर बसलेला माणूस लागत असेल, तर राजेश म्हणतात तसं टप्प्याटप्प्याने चालतं. पहिल्या टप्प्यात मात्र प्रत्येक प्रकारचं एक मशीन हवं : टॅलीवालं, डीएससीवालं, स्टुडिओतलं मोठ्या ग्राफिक्स कार्डवालं. नुसती माझ्या टेबलावरची तीन मशीन्स टेस्ट करून काही कळत नाही.

कौस्तुभ, ए-३०७ – ९:५१
रस्टडेस्कला हा प्रश्नच येत नाही. सर्व्हर आपला.

अनिकेत, बी-५०२ – ९:५५
सर्व्हर आपला म्हणजे रात्री २ ला तो दुरुस्त करणाराही आपलाच. टीसीपी २१११५ ते २१११७ आणि यूडीपी २१११६ हे पोर्ट (नेटवर्कची दारं) उघडायचे, स्थिर आयपी घ्यायचा, पब्लिक की प्रत्येक मशीनमध्ये भरायची. करणार का तुम्ही? की नुसतं मार्चपासून सांगणार?

कौस्तुभ, ए-३०७ – ९:५६
हा मेसेज हटवण्यात आला.

सेक्रेटरी – ९:५७
कृपया वैयक्तिक होऊ नका. 🙏

वहिनी, ए-२०४ (ट्रॅव्हल) – १०:०२
मला एक विचारायचं होतं. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क टाकू नका म्हणून सांगितलं होतं ना? मग आपण हे असलं काही का टाकतो?

मंदार – १०:०६
वहिनी, ते फोनवर अनोळखी माणूस सांगतो म्हणून टाकू नका, यूपीआयचे पैसे जातात, यासाठी होतं. टूल तेच, फोन करणारा कोण हा प्रश्न. आपल्याकडचा नियम असा : मी फोन करून टूलवर दिसणारा नऊ अंकी आकडा कधीच मागणार नाही. मागितला तर तो मी नाही.

कौस्तुभ, ए-३०७ – १०:०८
एनीडेस्कचा जुना सेटअप माझ्या पेन ड्राइव्हवर आहे, अडलेल्या मशीनवर तात्पुरता टाकून देतो. ताईंचं काम तरी होईल.

अनिकेत, बी-५०२ – १०:१०
अजिबात नको. त्यांच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, ती त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केली आणि सहीचं प्रमाणपत्र बदललं, विंडोजला व्हर्जन ८.०.८ पासून नवीन आहे. पेन ड्राइव्हवरचा जुना असेल तर फेकून द्या. कुठलाही सेटअप चालवण्याआधी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघायची आणि हॅश (फाइलची आकड्या-अक्षरांतली खूण) कंपनीच्या साइटशी जुळवायचा. एक मिनिट लागतं.

राजेश, सी-४०५ – १०:१२
शिवाय नुसता डबल क्लिक करून चालवलेल्या टूलने आत गेलं की अ‍ॅडमिन परवानगीची खिडकी येताच पलीकडे काळी स्क्रीन. सर्व्हिस म्हणून बसवलेलं नसेल तर ती खिडकी दिसत नाही. मग इथून ओरडायचं, 'येस दाबा, येस'.

नाना, ए-१०२ – १०:१३
गेटवरच्या पीसीचं काय? तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी – १०:१४
नाना, पार्किंगचा विषय दुसऱ्या ग्रुपवर.

नाना, ए-१०२ – १०:१७
पार्किंग नाही हो! सिक्युरिटी केबिनमधला पीसी. सीसीटीव्हीवाल्याने त्यावर रिमोट टाकून ठेवलंय. कायमचा पासवर्ड, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे. चहा प्यायला थांबणारा कुणीही वाचतो.

मंदार – १०:२५
बघितलं. तो ६२ मध्ये नाही, यादीतच नव्हता. विंडोज ७ आहे, म्हणजे जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षा अपडेट नाही. आणि केबल बी विंगच्या स्विचमध्ये, म्हणजे ताईंच्या मशीन्सच्या शेजारीच.

अनिकेत, बी-५०२ – १०:२६
अरे देवा.

राजेश, सी-४०५ – १०:२७
आपण तासभर ६२ मशीन्सवर भांडतोय.

मंदार – १०:३३
आत्ता करतोय : केबल काढली. नवं व्हर्जन त्यावर टाकायचं नाही, एजंट पूर्ण काढायचा. नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही, प्रोग्रामडेटा फोल्डरमधली सेटिंग्ज मागे राहतात. तीही पुसायची, नाहीतर पुन्हा टाकलं की तोच आयडी, तोच पासवर्ड जिवंत. सीसीटीव्हीवाल्याच्या कन्सोलमधूनही मशीन काढायला लावतो. कॅमेऱ्यांना वेगळं व्हीलॅन (बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क), आणि त्याला प्रवेश हवा तर आपल्या माणसासमोर, त्या वेळेपुरता.
मागचे कनेक्शन लॉग कॉपी करून ठेवलेत. त्यात अनोळखी काही निघालं तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ६ तासांत कळवावं लागतं, लॉगही १८० दिवस ठेवावे लागतात. सेक्रेटरी साहेब, ईमेल तुमच्या नावाने जाईल.

सेक्रेटरी – १०:३५
माझ्या का?

नाना, ए-१०२ – १०:३६
पदाधिकारी आहात.

शुभदाताई, बी-३०४ – १०:४१
चारही आली. रिस्टार्टनेच. पण पुढच्या वेळी ११ आणि २० तारखेच्या आधीचे तीन दिवस माझ्याकडे हात लावायचा नाही, हे लिहून घ्या.

मंदार – १०:४८
घेतलं. उरलेल्या ११ मशीन्ससाठी येत्या शनिवारी : दुपारीच सेटअप प्रत्येक मशीनवर कॉपी होईल, म्हणजे संध्याकाळी सगळे एकदम लाईनवर तुटून पडणार नाहीत. ६ ला विंडोजच्या सिस्टम खात्यावर टास्क चालेल. रिमोट सेशनमधूनच ते सेशन चालवणाऱ्या टूलचं अपडेट चालवायचं नाही. सर्व्हिस थांबली की आपण बाहेर, आणि अर्धं राहिलं तर मशीन हातचं गेलं. शिवाय प्रत्येक ऑफिसात एका मशीनवर व्हीपीएनमधून दुसरी वाट ठेवतोय. फास्ट स्टार्टअप सगळीकडे बंद करतो, सकाळी काही सेकंद जास्त लागतील, तक्रार करू नका.
तुम्ही करायचं एवढंच : सेशन डिसकनेक्ट करा, मशीन चालू ठेवून जा.

राजेश, सी-४०५ – १०:५०
तेवढा वेळ लाईट गेली तर? आमचा यूपीएस दहा मिनिटं टिकतो.

सेक्रेटरी – १०:५२
जनरेटर आहे. डिझेल मात्र सी विंगची थकबाकी आल्यावर.

राजेश, सी-४०५ – १०:५३
आधी सी विंगची लिफ्ट चालू करा, मग थकबाकीचं बोला.